लाइट गेली तेव्हा काय घडलं

१९९८ साली कडेगावात एकाआड एक गुरुवारी लाइट जायची. नेमकी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे ‘नक्षत्रयान : आरंभ’ लागायच्या वेळेला. यायची ती मालिका संपून पाच मिनिटं झाल्यावर. वीज बोर्डात कुणाचा तरी त्या मालिकेवर डूख आहे, असं गल्लीत सगळ्यांचं मत होतं.

आकाशात यान घेऊन हिंडणाऱ्या कप्तान तेजपालची पहिली मालिका चार वर्षांपूर्वी होऊन गेली होती. त्यात तो पिकल्या केसांचा होता, एक डोळा काचेचा होता, आणि बायकोचं नाव निघालं की खिडकीशी जाऊन उभा राहायचा. आता त्याच कप्तानचं तरुणपण दाखवणार, अशी जाहिरात झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आण्णांना झाला. आण्णा फौजेतून निवृत्त झालेले, बिनतारी विभागातले. पहिली मालिका त्यांना तोंडपाठ होती. डोळा कसा गेला आणि बायको का गेली, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं.

पण पाच आठवडे झाले तरी डोळाही जागेवर होता आणि बायकोही.

“आरं, येवढी मोठी गोष्ट हातात हाय,” आण्णा केबलवाल्या राजरत्नवर ओरडले, “आन् ही माणसं अर्धा तास नुसती दारं उघडत्यात आन् लावत्यात!”

“आवं आण्णा, म्या लिवलीय व्हय ती?”

“दाखवतोस तर तूच न्हवं?”

कडेगावात मालिकेचा लेखक कुणी पाहिलेला नव्हता. दाखवणारा राजरत्न मात्र रोज समोर दिसायचा. त्याने नुकतीच केबल सुरू केली होती, बेचाळीस घरांत. त्याची डिशची मोठी ताटली आण्णांच्या गच्चीवर होती आणि केबलचं यंत्र आण्णांच्या माजघरात. गल्लीत दुसरी पक्की गच्चीच नव्हती.

“ह्या म्हयन्यात डोळा गेला न्हाई,” आण्णांनी बजावलं, “तर तुझी ताटली खाली.”

ताटली खाली आली तर राजरत्नला पुन्हा साखर कारखान्यावर हंगामी कामाला जावं लागणार होतं. त्याची झोप उडाली.

पुढच्या गुरुवारी लाइट गेली. दुसऱ्या दिवशी राजरत्नने एसटी स्टँडाजवळच्या बूथवरून सांगलीला फोन लावला. त्याची धाकटी बहीण प्रियंका तिथे होस्टेलवर राहून डी.एड. करत होती आणि हुकलेल्या भागाची हकिगत तीच त्याला सांगायची, हे गल्लीला ठाऊक होतं. “काय न्हाई रं दादा,” ती म्हणाली, “दारं उघडली, दारं लावली.”

हे आण्णांना सांगायची राजरत्नची छाती झाली नाही. दारात पाय ठेवताच तो बोलून गेला, “आण्णा, डोळा गेला!”

“कवा?”

“काल. लाइट न्हवती तवा.”

“कसा रं?”

राजरत्नला स्टँडामागचं वर्कशॉप आठवलं. “यानाच्या पत्र्याला वेल्डिंग चाललं हुतं. काळा चष्मा येकच. कप्तानानं त्यो दुसऱ्याला दिला.”

आण्णांनी डोळे पुसले. “वाटलंच मला. दिलदार माणूस.”

त्याच्या पुढच्या गुरुवारी लाइट होती. कप्तानचे दोन्ही डोळे लख्ख दिसत होते.

“हे काय?” आण्णा गरजले.

“काचंचा बसवला न्हवं का त्यो डावा. कारागीर लय भारी.”

आण्णा उठून टीव्हीच्या काचेला नाक लावून पाहू लागले. “व्हय,” शेवटी ते म्हणाले, “जरा कमी हलतोय.”

आता आण्णांच्या पत्नी बायडाबाईंनी राजरत्नला गाठलं. “डोळ्याचं ऱ्हाऊ दे. बायको का गेली ती सांग.”

तीही पुढच्या अंधारात गेली. सासूने सगळ्यांसमोर तिच्या हातच्या भाजीला नाव ठेवलं आणि कप्तान गप्प बसला, असं राजरत्नने सांगितलं.

“गप बसला?” बायडाबाईंनी सावकाश आण्णांकडे पाहिलं. आण्णा छताकडे पाहू लागले. “मग गेली ते लय बरं केलं.”

पण नंतरच्या गुरुवारी ती बायको पडद्यावर हजर. कप्तानशेजारी बसून काहीतरी निळं पीत होती.

“आली म्हायेराहून,” राजरत्न घाईघाईने म्हणाला.

“येवढ्यात? आणाय कोण गेलं?” शेजारच्या तानुबाईंनी विचारलं.

“दीर.”

“आगं बया, तिला दीर कवा झाला?”

“मागच्या अंधारात.”

हळूहळू असं झालं, की मालिकेने जे जे दाखवायचं सोडलं ते ते लाइट नसताना घडून गेलं. आण्णांच्या घरी गर्दी वाढली. लाइट असली की बायका जांभया देत भाज्या निवडायच्या. तानुबाई बल्बकडे पाहून विचारायच्या, “आज जाईल का गं?”

शेवटच्या भागाच्या दिवशी प्रियंका सुटीला घरी आली आणि सहज आण्णांकडे डोकावली. तानुबाईंनी तिला हाताला धरून बसवलं. “पोरी, तू तर समदं बघितलंस. ती सासू दिसाय कशी हाय गं?”

“कुणाची सासू?”

राजरत्न पलीकडून खुणा करत होता. प्रियंकाला त्या कळल्या नाहीत.

“कप्तानाची आई गं. भाजीवरनं भांडली ती.”

“मालिकेत आई हाय?” प्रियंकाने भावाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला. “खरं सांगू का मावशी? म्या येकबी भाग बघितला न्हाई. त्या टायमाला मॅडम टीव्ही बंद करत्यात. दादाचा फोन आला की म्या आपलं ठोकून द्यायची. दारं उघडली, दारं लावली.”



“म्हंजी,” आण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “वेल्डिंग झालंच न्हाई?”

राजरत्नने मान खाली घातली.

“शेवटचा भाग बघतो. मग वर जा आन् तुझी ताटली काढ.”

संगीत सुरू झालं. यान दिसलं. यानात कप्तान दिसला. त्याने एक दार उघडलं. आणि लाइट गेली.

“बोर्डाला आजच मुहूर्त घावला!” आण्णा ओरडले.

तानुबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. “आवं, समोरच्या घरात दिवं हायती की!”

आण्णा बॅटरी घेऊन उंबऱ्याजवळच्या मीटरपाशी गेले. फ्यूजची जागा मोकळी होती. मीटरखाली बायडाबाई पदर आवळून बसल्या होत्या.

“माझ्यापाशी हाय,” त्या म्हणाल्या. “दार उघडलं तवाच वळिकलं म्या. ती माणसं शेवटाचंबी वाटोळं करणार. राजरत्न, तू बोल बाबा. दिरासंगं ती परत आली, मग पुढं काय झालं?”

तोवर यंत्र बंद पडल्यामुळे केबल गेलेल्या घरांतली माणसं तक्रार घेऊन दारात आली होती. काय चाललंय ते कळल्यावर तीही ओट्यावर बसली.

राजरत्नने विचारलं, “पन आण्णा, ताटली?”

अंधारात खुर्ची करकरली. आण्णा बसले असावेत.

“ताटलीचं मागनं बघू. डोळा तर गेलाच हाय आता. तू फुडचं सांग.”

राजरत्नने त्या दिवशी तासभर शेवट सांगितला. सासूने सुनेची माफी मागितली तेव्हा ओट्यावरच्या तीन सासवा उठून गेल्या.

ताटली आण्णांच्या गच्चीवर आणखी नऊ वर्षं राहिली. राजरत्न आता घरोघरी इंटरनेट देतो. कनेक्शन बंद पडलं तर म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, त्याला गोष्ट सांगायला बोलावून घेतात. प्रियंका इस्लामपूरजवळच्या शाळेत शिक्षिका झाली. तिच्या वर्गातली मुलं तिला चहाडखोर म्हणतात, पण तसं काही नाही, तिला फक्त खुणा कळत नाहीत. तानुबाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तिथे लाइट जात नाही म्हणून पहिले सहा महिने कंटाळल्या. बायडाबाईंच्या हातच्या भाजीबद्दल आण्णा पुढे रोज, कुणी विचारलं नाही तरी, चांगलं बोलत राहिले.

२००६ साली ती मालिका दुसऱ्या एका वाहिनीवर पुन्हा लागली. आण्णांनी सगळे भाग ओळीने पाहिले, एकदाही लाइट न जाता. शेवटचा भाग संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि बायडाबाईंना म्हणाले, “निम्मी गोष्ट कापलीय गं ह्यांनी.”