चांदावरनं बोलतोय

कुंडलमध्ये कुणाचंही लग्न असो, आमचे शेजारी वायरलेस तात्या बोलावणं नसतानाही वरातीत हजर. जेवायचं नाव नाही. डीजेच्या भोंग्याला कान लावून उभे राहतात आणि गाणं संपलं की डीजेवाल्याला दरडावतात, "काटलंस का कुटं? खरं बोल. ओव्हर!"

तात्या लष्करात सिग्नलला होते. निवृत्त झाले, पण 'ओव्हर' काही सुटलं नाही. फार वर्षांपूर्वी सुट्टीवर आले असताना त्यांनी माधवनगरातल्या एका खोलीत 'चांदावरनं बोलतोय' हे गाणं कॅसेटवर भरलं. चंद्रावर उतरलेला जवान गावी वायरलेस लावतो, विचारतो, "ऐकू येतंय का? ओव्हर," आणि खालून त्याची बायको उत्तर देते, एवढंच. शेजारच्या यंत्रमागाची खडखडही टेपात शिरली. लोकांना वाटलं, रॉकेटच सुटलं! मग काय, पार कवठे महांकाळपर्यंत त्याच्याशिवाय वरात हलेना.

पण आपल्या गाण्याला कुणीतरी कात्री लावणार, हा तात्यांचा पक्का संशय. मी नुसता मोबाइल काढला तरी म्हणायचे, "मास्तर, गाणं कापाय काडलासा न्हवं?" मला उलट त्यांचाच संशय. चाल कुठूनतरी ढापलेली असणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

परवा माझ्या पुतणीच्या वरातीत डीजेवाल्यानं खरंच गाण्यातलं बायकोचं उत्तर कापलं आणि तिथं हॉर्न वाजवला. तात्यांनी सरळ वायर उपटली. नाच थांबला, नवरदेवाचे मामा बाह्या सरसावून पुढं आले. मी भडकलो.

"तात्या, एका वाक्यापायी वरात अडवताय?"

"आमच्या शालनचं वाक्य हाय ते."

शालनकाकूंना जाऊन आठ वर्षं झाली. त्या कधी गायल्याचं मला ठाऊकच नव्हतं.

"घरची कॅसेट तेवढ्याच जागी लावून लावून तुटली, मास्तर. आता तिचा आवाज तुमच्या ह्या वरातींतच उरलाय. त्यो बी काटला, तर मी कुटं जाऊ ऐकाय?"

मला माझीच लाज वाटली. मामांना मागं सारलं आणि डीजेवाल्याकडून जुनं, अख्खं गाणं शोधून घेतलं. मागाची खडखड सुरू झाली.

"ऐकू येतंय का? ओव्हर."

"व्हय, येतंय. जेवलासा का?"

तात्या भोंग्याकडं वाकले. "न्हाई अजून," हळूच म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि पंगतीला घेऊन गेलो.