अर्ध्या वाट्याची रायफल

वेंडेलला यंदा स्वतःची रायफल हवी होती म्हणजे हवीच होती. दरवर्षी तो मेहुण्याची, कर्टची, रायफल उसनी घ्यायचा. आणि मोंटानातल्या त्या खोऱ्याचा रिवाज असा, की शिकारीला ज्याची वस्तू लागली त्याला अर्धं हरीण द्यायचं. अर्धं! चार पोरांच्या घरात उरलेलं अर्धं नाताळपर्यंतही पुरत नसे.

"तीनशे डॉलर. वर एक सेंटही मागू नकोस," बायको डोरीननं बजावलं. "आणि अख्खं हरीण घरात आलं पाहिजे."

तीनशेत मिळून मिळून काय मिळणार? पण गहाणवटीच्या दुकानात खालचा दांडा ओढून काडतूस भरायची एक जुनी लिव्हर-रायफल दोनशे ऐंशीला निघाली. लिव्हर अशी सुळकन फिरायची की वेंडेलनं दुसरं काही पाहिलंच नाही.

हंगामाच्या आदल्या दिवशी तो काडतुसं घ्यायला गेला. दुकानदारीण नळीवरचं माप वाचून हसतच सुटली. "अरे बाबा, ही काडतुसं बनायची बंद झाली तेव्हा माझ्या आईचं लग्न व्हायचं होतं!"

वेंडेलनं चार गावं पालथी घातली. शेवटी कळलं, म्हाताऱ्या ऑर्विलकडे एक खोकं आहे.

"आहे ना," ऑर्विल म्हणाला. "पण विकणार नाही. मी बरोबर येतो, एकेक देत जाईन. रिवाज ठाऊक आहे ना?"

"काका, अर्धं?"

"अर्धं."

वेंडेलचा जीव तुटला. पण निदान कर्टचं तोंड तरी बघायला नको, म्हणून तो हो म्हणाला.

सकाळी पहिलं काडतूस फुटलंच नाही. दुसरंही फुसकं निघालं. ऑर्विलनं तिसरं बाहीला पुसून हातावर ठेवलं, आणि काय सांगू, हरीण जागच्या जागी आडवं! फक्त पडलं ते खोल घळीत. ऑर्विलचे गुडघे ऐंशी वर्षांचे, वेंडेलची कंबर धरलेली. ओढून काढायचं यंत्र अख्ख्या खोऱ्यात एकाच ट्रकला होतं.

तो ट्रक कर्टचा. कर्ट शीळ घालतच आला. "दाजी, रायफल झकास आहे हं!"

दुपारी वेंडेल घरी पोचला. डोरीन फ्रीझर पुसून तयार.

"मिळालं?"

"मिळालं की. चांगलं मोठं होतं."

"मग आहे कुठं?"

वेंडेलनं टेबलावर हळूच शिंगं ठेवली. डोरीननं शिंगांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं.

"ही किती वेळ उकडायची रे?"