सिस्टर निघाल्या वर्ल्ड कपला

सिस्टरांच्या फ्रीजमध्ये खाण्याची वस्तू मी कधी पाहिली नाही. भाजी त्या रोजची रोज आणायच्या, दूध लागेल तेवढंच, आणि उरलंसुरलं वाटीत घालून आमच्याकडे पाठवायच्या. फ्रीजमध्ये फक्त बर्फ. ट्रेमध्ये बर्फ, स्टीलच्या डब्यांत बर्फ, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत बर्फ.

आम्ही सिडकोत नव्यानं राहायला आलो तेव्हा एकदा दुपारी पाहुणे आले. कोणीतरी सांगितलं, शेजारच्या सिस्टरांकडे बर्फ मिळेल. मी पातेलं घेऊन गेले.

"कोणाचं काय दुखतंय?" सिस्टरांनी विचारलं.

"दुखत काही नाही. सरबत करायचंय."

"मग माठातलं पाणी घाल. हा गुडघ्याचा बर्फ हाय." आणि दार लावून घेतलं.

अशी आमची ओळख झाली. त्यांचं नाव विमल औताडे. मूळच्या फुलंब्रीच्या, शेतकऱ्याघरच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी झाली, पण सारं शहर त्यांना सिस्टर म्हणायचं ते दवाखान्यामुळे नव्हे. ते फुटबॉलमुळे.

झालं होतं असं, की नर्सिंग शिकत असताना त्या एका संध्याकाळी आमखास मैदानाच्या कडेनं होस्टेलकडे चालल्या होत्या. मैदानात एक पोरगा पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. सगळे त्याच्याभोवती कडं करून एकमेकांना सल्ले देत उभे. सिस्टर पांढऱ्या गणवेशात आत घुसल्या, "व्हा बाजूला, वारं येऊ द्या त्याला!" म्हणून ओरडल्या आणि कोणाचा तरी शर्ट फाडून झोळी बांधली. दुसऱ्या दिवशी त्या पोराचं कसं आहे ते बघायला गेल्या, तर आणखी एक जण घोटा धरून बसला होता. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी मैदानावर. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत पट्ट्या, कात्री, आयोडीन. हातात थर्मास, थर्मासात बर्फ. कोणी नेमलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. शहागंज, किराडपुरा, छावणी, कुठल्याही गल्लीतला खेळाडू असो, पडला की ओरडायचा, "सिस्टर!" आणि सिस्टर पदर खोचून धावत सुटायच्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हाड जागेवर हाय ना? मग ऊठ." हे त्या खेळाडूला म्हणायच्या, तसंच सगळ्यांना म्हणायच्या. माझी मुलगी बारावीला नापास झाली, घरात सुतक पडल्यासारखं वातावरण. सिस्टर आल्या, तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हाड जागेवर हाय. ऊठ, च्या कर." पोरगी रडता रडता हसली आणि खरंच उठली.

लग्न त्यांनी केलं नाही. फुलंब्रीच्या भावानं पुष्कळ स्थळं आणली. मी एकदा धीर करून कारण विचारलं.

"मॅच संध्याकाळी असत्यात," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सैपाक कोण करील?"

 मी हसले. त्याही हसल्या, पण जरा लवकर थांबल्या.

मी शाळेत गणित शिकवलं, फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. सिस्टरांना मात्र सगळं कळतं, असं मी आणि आख्खी कॉलनी धरून चाललो होतो. टीव्हीवर मॅच असली की आमचे हे मुद्दाम त्यांना बोलवायचे आणि विचारायचे, "सिस्टर, कोण जिंकेल?" सिस्टर पडद्याकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि गंभीरपणे म्हणायच्या, "सांगता येत नाय. बघू." आमचे हे मला म्हणायचे, "जाणकार माणूस असाच असतो. उगाच तोंड उघडत नाही."

मग एके दिवशी सलीमचा फोन आला. सलीम हा त्यांच्या मैदानावरचा जुना खेळाडू, आता पन्नाशीला टेकलेला. कतारमध्ये ड्रायव्हर होता, आणि वर्ल्ड कप त्याच्या दारात आला होता. फोन स्पीकरवर होता, मी समोरच बसले होते.

"सिस्टर, तुम आओ बस. टिकट का मैं देखता. रहने का भी मैं देखता."

"अरे, माझे गुडघे गेलेत सलीम."

"तो क्या हुआ? तुमने हमारे कितने गुडघे संभाले!"

फोन ठेवून सिस्टरांनी दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाल्या, "सुनंदे, तुझ्याकडं पासपोर्ट हाय का?"

माझ्याकडे होता. मुलीकडे पुण्याला जाण्यापलीकडे मी कुठं गेले नव्हते, पण आमच्या ह्यांनी हौसेनं काढून ठेवला होता. सोबत म्हणून मी जायचं, असं सिस्टरांनी आणि ह्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं.

फुलंब्रीला बातमी गेली तसे दोन पुतणे जीपनं येऊन धडकले. थोरला म्हणाला, "आत्या, लोकं काय म्हणतील? या वयात काशी-रामेश्वर करायचं का अरबाच्या मुलखात बॉल बघायला जायचं?"

"काशीला बॉल असतो का?" सिस्टरांनी विचारलं.

"आत्या, चेष्टा नाय करायलो मी. तिथं तुला काही झालं तर?"

"मला झालं तर मी बघीन ना. मी नर्स हाय."

पुतणे चहा पिऊन, रागावून गेले. जाताना धाकटा हळूच मला म्हणाला, "काकू, आत्याच्या गोळ्या मात्र बरोबर घ्या हां."

मग तयारी सुरू झाली, आणि तयारीला सिस्टरांची शिस्त होती. विमानात एका जागी बसवेल का, ही त्यांची पहिली शंका. त्यासाठी त्यांनी मला कन्नडच्या एसटीत बसवलं. बस कन्नडला पोचली, सगळे उतरले, आम्ही दोघी बसून. कंडक्टर आला.

"मावशी, कन्नड आलं. उतरा."

"उतरायचं नाय. ह्याच गाडीनं परत जायचंय."

"काम नव्हतं तर आल्या कशाला?"

"बसायला," सिस्टर म्हणाल्या. "विमानात मधी उतरू देत नाहीत."

कंडक्टरनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. परत तिकिटं फाडली. दौलताबाद येईपर्यंत माझे पाय बधिर झाले होते. सिस्टर ताठ बसून खिडकीबाहेर कापूस बघत होत्या.

दुसरी शंका जिन्यांची. स्टेडियमच्या पायऱ्या उंच असतात असं सलीमनं सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी दौलताबादचा किल्ला. आधी पहिल्या दरवाजापर्यंत, मग मिनारापर्यंत, मग अंधारी नावाच्या भुयाराच्या तोंडापर्यंत. तिथं एका दगडावर बसून त्या दोन्ही गुडघ्यांना हातानं थोपटत म्हणायच्या, "अजून थोडं. एवढं काढा, मग मी तुम्हाला काही मागणार नाय." मी तोंड फिरवून दरीकडे बघत राहायचे.

एवढी धडपड कशासाठी, हे मला नीट कळत नव्हतं. एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले, तेव्हा थोडंसं कळलं. मॅच चालू होती. दोन्ही संघांकडे आता ट्रॅकसूट घातलेला एकेक फिजिओ होता, हातात स्प्रे. एक खेळाडू पडला. सिस्टर उठल्या, थर्मास उचलला, चार पावलं गेल्या, तोवर फिजिओ पोचलासुद्धा. फस्सकन स्प्रे मारला, पोरगा उठून पळाला. सिस्टर तिथंच उभ्या राहिल्या. मग थर्मासचं झाकण घट्ट करत परत आल्या आणि म्हणाल्या, "चांगलं शिकलेलं पोरगं हाय ते."  फ्रीजमध्ये बर्फ मात्र तसाच भरत राहिल्या.

आम्ही निघालो. बॅगेत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, ऊन लागू नये म्हणून कांदे, आणि सलीमच्या आईनं दिलेला नानकटाईचा डबा. खाकी पिशवी सिस्टरांच्या खांद्यावर; तिच्यातली कात्री आणि आयोडीन मात्र विमानापुरती मोठ्या बॅगेत. विमानात त्या एकदाही उठल्या नाहीत. कन्नडचा सराव कामी आला.

सलीम विमानतळावर उभा होता. केस पांढरे, पोट सुटलेलं. सिस्टरांना बघून वाकला, तर सिस्टरांनी आशीर्वाद देण्याआधी त्याचा डावा गुडघा दाबून पाहिला. "दुखतो का थंडीत?"

"इधर थंडी कहाँ सिस्टर," सलीम म्हणाला आणि बॅगा उचलून चालू लागला.

मॅच दुपारची होती. गेटवर सुरक्षेच्या माणसानं खाकी पिशवी उघडायला लावली. तो नेपाळचा होता, हिंदी बोलत होता. त्यानं पट्ट्या काढल्या, आयोडीन काढलं, कात्री काढली, कांदे काढले.

"अम्मा, ये सब क्या है?"

"कोणी पडलं तर?" सिस्टर मराठीतच म्हणाल्या.

मी भाषांतर केलं. त्यानं एकदा सिस्टरांकडे आणि एकदा त्या प्रचंड स्टेडियमकडे पाहिलं. कात्री आणि बाटली त्यानं ठेवून घेतली. कांदेही गेले. एक क्रेप बँडेज मात्र त्यानं गुंडाळून परत सिस्टरांच्या हातात दिलं. "ये रखो अम्मा," म्हणाला.

आत गार वाटत होतं, स्टेडियमसुद्धा वातानुकूलित! उन्हाची तयारी करून आलेल्या आम्ही पदर लपेटून बसलो. आमच्या जागा उंचावर होत्या, पण सिस्टर सगळ्या पायऱ्या स्वतः चढल्या. खाली हिरवंगार मैदान. एक संघ पिवळ्या कपड्यांत, एक पांढऱ्या. माणसांचा आवाज एवढा, की छातीत धडधडावं.

खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि पांढऱ्यांचा एक जण धाडकन पडला. पाय धरून लोळायला लागला.

सिस्टर उठल्या. हातात बँडेज. माझ्या गुडघ्यांवरून, शेजारच्याच्या पायांवरून वाट काढत पायऱ्यांपर्यंत पोचल्यासुद्धा. "सिस्टर, कुठं चाललात!" मी ओरडले. सलीम उठून त्यांच्यामागे गेला.

पायरीवर त्या थांबल्या. खाली मैदानात माणसं धावत निघाली होती. एक डॉक्टर, त्याच्यामागे दुसरा, पेटीवाले, स्ट्रेचरवाले. एकानं डोकं धरलं, एकानं पाय. कडं करून नुसतं बघत कोणीच उभं नव्हतं. सिस्टर कठड्याला धरून सगळं बघत होत्या. जरा वेळानं तो खेळाडू उठला, लंगडला, मग धावायला लागला. सिस्टर परत येऊन बसल्या. बँडेज पिशवीत ठेवलं. डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, त्यांना आमखासवरची ती फिजिओची संध्याकाळ आठवली असणार. 

पण त्या पुढे झुकल्या आणि खेळ बघू लागल्या. बॉल इकडून तिकडे गेला की मान इकडून तिकडे. तोंड थोडं उघडं. बऱ्याच वेळानं त्यांनी शेजारच्या माणसापलीकडे बसलेल्या सलीमच्या दंडाला हात लावला.

"सलीम, त्या रेघंवरचा माणूस मधीच झेंडा का वर करतो रे?"

सलीम हसला. "क्या सिस्टर, मजाक करते. ऑफसाइड है ना."

"ते म्हंजी काय?"

सलीमचं हसू थांबलं. "सिस्टर, तुमको ऑफसाइड नहीं मालूम? इतके साल?"

"कोण सांगणार? मी तुमचे पाय बघत होते," सिस्टर म्हणाल्या. "कोण लंगडतोय, कोण दडवतोय. बॉलकडं बघायला सवड कुठं होती मला?"

 मधल्या माणसाला विनंती करून सलीम सिस्टरांच्या बाजूला येऊन बसला. खिशातले शेंगदाणे काढून त्यानं त्यांच्या तळहातावर मांडले. ये गोलकीपर, ये आखरी बॅक, और ये मैं. बॅक के आगे खडा रहके पास लिया, तो झेंडा. सिस्टर शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या, मधेच अडवून विचारत होत्या. तळहाताचा द्रोण त्यांनी जराही हलू दिला नाही.

तेवढ्यात गोल झाला. सगळं स्टेडियम एकदम उभं राहिलं. सिस्टरही उठल्या, सलीमच्या खांद्याचा आधार घेऊन. शेंगदाणे खाली सांडले. त्या टाळ्या वाजवत होत्या, हसत होत्या. एवढ्या मोठ्यानं हसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी केला रे?"

"पीले वालों ने, सिस्टर."

"लई भारी केला," सिस्टर म्हणाल्या. मग खाली मान घालून परत निघालेल्या पांढऱ्यांकडे त्या बघत राहिल्या. "आता ह्यांनीबी एक करायला पाहिजे."