लहानूभाऊचे चार्जिंगचे सेल

साल दोन हजार नऊ. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो आणि माझा शेजारी लहानूभाऊ माझ्याहून थोडा मोठा. म्हणजे समज येण्याचं वय दोघांचंही उलटून गेलं होतं. त्या वर्षी तो टॉर्चचे सेल चाटत होता. सेलाच्या बुडाला तांब्याची तार लावायची, तिचं दुसरं टोक आणि सेलाची टोपी एकाच वेळी जिभेवर टेकवायची आणि डोळे मिटून बसायचं, जसं काही बायको भाजीचं मीठ विचारून राहिली. मग म्हणायचा, "चुनचुनते." नाहीतर, "मेला हा."

आमचं गाव दरेकसाकडच्या जंगलात. बाजारातून त्यानं स्वस्तातली एलईडीची टॉर्च आणली. साधे सेल टाकले, तर त्याची बायको अनुसयावयनी म्हणाली, "उजेड मंद हाये." नवे टाकले. "मंदच हाये." वयनी दर चैतात पहाटे मोहफुलं वेचायला जायची. मोहाखाली अस्वल येतं, आणि ते माणसाच्या आधी येऊन बसलेलं असतं. "बत्ती चांगली असन त जाईन," वयनी म्हणे. लहानूभाऊनं ते मनावर घेतलं.

गोंदियाच्या दुकानदारानं चार्जिंगचे सेल दाखवले. मी सोबत होतो. एका जोडीवर ताकदीचा आकडा मोठा, पण हातात घेतली तर मुरमुऱ्यासारखी हलकी. दुसरीवर आकडा लहान, पण वजनदार.

"भाऊ, आकड्यावर जाऊ नोको," मी म्हटलं. "आकडा काय, कोणी बी छापते."

"तू दुसरी नापास. तुले मोठा आकडा पाहून भेव लागते," लहानूभाऊ म्हणाला आणि तिथंच सेल जिभेला लावला.

दुकानदार ओरडला, "अरे चाचा, ये चाटने की चीज नहीं है!"

मोठ्या आकड्याचीच जोडी घरी आली. वयनी म्हणाली, "मंद." मग त्यानं आणखी एक जोडी आणली आणि या वेळी अक्कल लावली. आम्ही धानाचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणा वर तरंगतो, भरीव तळाशी जातो. लहानूभाऊनं बादलीत मीठ कालवलं आणि कोरे सेल त्यात सोडले.

"पाह्य, बुडाले! भरीव हायेत!"

"भाऊ, गोटा बी बुडते."

मग ते सेल छपराच्या कवेलूवर उन्हात वाळत पडले. त्यांना हिरवट मळ फुटला. "बेईमान निघाले साले!" लहानूभाऊ गरजला, साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असा.

शेवटी मलाच राहवलं नाही. मी एकटा गोंदियाला गेलो, ती लहान आकड्याची वजनदार जोडी घेतली आणि माझ्या घरी दिवसभर चार्जिंगला लावली. दिवेलागणीला त्यांच्या घरी जाऊन टॉर्च पेटवली. चुन्याची भिंत अशी उजळली की भिंतीवरची मुंगी दिसत होती. मी छाती काढून वयनीकडे पाहिलं.

वयनी भिंतीच्या जरा बाजूलाच बघत होती.

"मंदच हाये, भाऊजी."

"काय बोलून राहिल्या, वयनी? इथं त..."

"ठगलं!" लहानूभाऊ एवढ्यानं ओरडला की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडल्या. "भिवा, तुले बी ठगलं रे! मोठा शहाणा बनून राहिला होता! निंग आता!" आणि दंडाला धरून त्यानं मला अंगणापार, पार सडकेपर्यंत नेलं.

मी तापलो होतो. "भाऊ, तुमाले तो उजेड दिसला नाही का?"

"दिसला." त्याचा आवाज एकदम खाली आला. "दिवाळीत दवाखान्यात दाखवलं तिले. डॉक्टरनं मले बाजूला घेऊन सांगतलं, डोळ्याची नस सुकून राहिली. इलाज नाही. आहे तेवढं बी जाईन."

"वयनीले मालूम हाये?"

"कसं सांगू? रोज इचारते, मोह कधी पडन म्हणून. मी म्हणतो, थांब, सेल खराब हाये." तो सडकेच्या कडेला बसला. "सेल बदलता येते ना, भिवा."

मीही त्याच्या शेजारी बसलो. घरातून वयनीचा आवाज आला, "अवो, भाऊजीले कायले रागावता? चहा मांडला हाये, पिऊन जाऊ द्या त्यायले." आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. वयनी सुपातले तांदूळ निवडत होती, एकेक खडा बोटांनी चाचपून. मी म्हटलं, "वयनी, मले त्या दुकानदारानं ठगलं. बदलून आणतो." असं मी जन्मात कोणापुढं म्हटलं नव्हतं. मग टॉर्चमधले ते चांगले सेल काढून खिशात टाकले आणि गोंदियाची गाडी धरायला स्टेशनवर गेलो.