एक मिनिट शांतता

"आता कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही," मृणालीने बजावलं आणि रेकॉर्डरचं लाल बटण दाबलं.

बरोबर अकरा सेकंदांनी आई म्हणाली, "अगो, दूध गॅसवर नाय ना ऱ्हायला?"

"आई!"

"नाय, आठवला म्हणून विचारला."

हा पाचवा प्रयत्न होता. पहिल्या वेळी मागच्या अंगणात नारळ पडला. दुसऱ्या वेळी कॅमेरा सांभाळणारा गौरव शिंकला. तिसऱ्या वेळी आरे-वारेच्या रस्त्याने पर्यटकांची गाडी गाणी वाजवत गेली, आणि चौथ्या वेळी वर्गातल्या वेदिकाला हसू आलं. का आलं, ते तिलाही सांगता येईना. एरवी माणसं तासन्‌तास गप्प असतात, पण "आता एक मिनिट गप्प राहा" असं सांगितलं की जिभेला, नाकाला, पोटाला, सगळ्यांनाच काहीतरी म्हणायचं असतं.

मृणालीला हवी होती ती शांतता साधीसुधी नव्हती. सिनेमात दोन वाक्यांच्या मधे जी शांतता ऐकू येते, ती रिकामी नसते. डोळे मिटून आपल्या स्वयंपाकघरात उभं राहावं आणि मग देवळाच्या सभामंडपात उभं राहावं. कुणी अवाक्षर बोललं नाही तरी आपण कुठे आहोत ते कानाला कळतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. म्हणून शूटिंग झालं की त्या खोलीची मिनिटभराची शांतता वेगळी टिपून ठेवतात आणि संवाद जोडताना मधल्या फटींत ती भरतात, गवंडी दोन चिऱ्यांच्या मधे सिमेंट भरतो तशी. तिला रूम टोन म्हणतात. अट एवढीच, की शूटिंगच्या वेळी खोलीत जी माणसं आणि जे सामान असेल, ते सगळं जसंच्या तसं हवं.

रत्नागिरीतल्या डिजिटल फिल्म निर्मितीच्या एक वर्षाच्या कोर्सचं हे शेवटचं काम होतं. या कोर्सला बाबांनी होकार दिला तोच मुळी अटीवर. पनवेलहून फोनवर ते म्हणाले होते, "वर्षात काम मिळालं तर ठीक. नाहीतर मुकाट्याने बी.एड." वर्ष संपायला तीन आठवडे उरले होते. सोमवारी गणपतीपुळ्याला एका मालिकेचं युनिट येणार होतं आणि त्यांना दोन शिकाऊ मुलं हवी होती. "आज पाचपर्यंत ज्यांची फिल्म पुरी होऊन माझ्या टेबलावर येईल, त्यांच्यातूनच मी दोन नावं देणार," सर्वेश सरांनी सांगितलं होतं. मृणालीची फिल्म तयार होती, आई-मुलीच्या भांडणाची, दोन मिनिटांची. आईचं काम खऱ्या आईने केलं होतं आणि मुलीचं वेदिकाने. अडलं होतं ते फक्त त्या एका मिनिटापाशी.

भिकाजी आजोबांना तिने सकाळी नऊच्या एसटीनेच दाढी-कटिंगसाठी रत्नागिरीला पाठवून दिलं होतं. आजोबांची तीस वर्षं मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेली. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटायचं, तेव्हा समोरच्या घरातलं मांजर उठून जायचं.

खोलीची तयारीही तिने कालच्या शूटिंगला होती तशीच चोख केली होती. पंखा बंद, फ्रीज बंद, टीव्हीची वायर काढलेली, गॅस पेटवायचा नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर पांढऱ्या चादरी टांगलेल्या आणि जमिनीवर गाद्या घातलेल्या. खुर्च्या करकरत होत्या, म्हणून त्या पडवीत नेऊन ओळीने मांडून ठेवलेल्या. सगळ्यांचे मोबाईल, आजोबांचासुद्धा, बंद करून बिस्किटांच्या डब्यात घातलेले आणि डबा गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवलेला. सरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

सहाव्या प्रयत्नाला चौघेही मान खाली घालून उभे राहिले. एकमेकांकडे पाहिलं की हसू येतं, म्हणून मान खाली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या यमुनाबाई विळी मागायला आल्या.

पुढे काय झालं ते मृणालीला नंतर कळलं. यमुनाबाई पडवीत पोचल्या आणि थबकल्या. शूटिंग तर कालच संपलेलं, आणि खुर्च्या बाहेर ओळीने मांडलेल्या. साडेदहा वाजले तरी चूल थंड. टीव्ही गप्प. खिडकीतून पाहिलं तर गाद्या जमिनीवर, चादरी पांढऱ्या, चार माणसं मान खाली घालून उभी. आणि भिकाजीभाऊ कुठेच नाहीत! आदल्या संध्याकाळीच ते कुंपणाशी उभे राहून छातीत जळजळतंय म्हणत होते. त्याआधी त्यांनी सहा तळलेले बांगडे खाल्ले होते, ते मात्र सांगितलं नव्हतं.

यमुनाबाईंना रीतभात होती. अशा वेळी काही विचारायचं नसतं. त्या पाऊल न वाजवता मागे फिरल्या आणि थेट गंगारामच्या घरी गेल्या. गंगाराम म्हणजे भिकाजींचा बोटीवरचा दोस्त. त्याने भिकाजींना फोन लावला, बंद. त्यांच्या सुनेला, नम्रताला लावला, बंद. मृणालीला लावला, तोही बंद.

"घरातले सगळेच फोन बंद," गंगारामने फोन खाली ठेवला. "म्हणजे खरा हाय गो."

दहा मिनिटांत वाडीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडू लागली. ग्रुपमध्ये मुंबई-पनवेलची माणसंही होती.

इकडे सातवा आणि आठवा प्रयत्न वाया गेला होता. एकदा कावळा ओरडला, एकदा गौरवचं पोट. मृणालीने वैतागून दार उघडलं, तर पडवीतल्या खुर्च्या भरलेल्या. अंगणात चपलांचा ढीग. पंधरा-वीस माणसं आली होती आणि आणखी येत होती.

कालच्या शूटिंगलाही बघे जमले होते, म्हणून तिला नवल वाटलं नाही. पण काल त्यांनी नुसता कालवा केला होता. आज मात्र सगळे शहाण्या मुलांसारखे बसले होते. तिला भरून आलं.

"आलात ते बरं झालं," ती हळूच म्हणाली. "बसा. फक्त बोलू नका."

"नाय बाय, काय बोलणार!" एक म्हातारी म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

आत यमुनाबाईंनी आईचा हात हातात घेतला. "नम्रता, धीर धर."

"धरलाय हो," आई म्हणाली. "सकाळपासून आठ वेळा झाला. दर वेळी वाटता, आता होतंय. आणि मग काहीतरी होता."

"आठ वेळा?" यमुनाबाईंचे डोळे विस्फारले. "आणि भाऊ?"

"मामंजींना सकाळीच धाडलं. ते असते तर काही खरा नव्हता."

एवढ्या लवकर सगळं उरकलंसुद्धा, वाडीला कळवलंही नाही, हे यमुनाबाईंना खटकलं. पण ही वेळ बोलायची नव्हती.

मृणाली मात्र वेगळ्याच पेचात होती. खोलीत चारच माणसं हवीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण साडेबारा वाजत आले होते. माणसांना बाहेर काढावं तर ती अंगणात उभी राहून बोलणार. त्यापेक्षा आत बसून गप्प असलेली काय वाईट? तिने सगळ्यांना आत बोलावलं. माणसं गाद्यांवर दाटीवाटीने बसली. तिने स्वतःला सोडून सगळी मोजली तर एकोणचाळीस भरली.

"मी हात वर केला की एक मिनिट पूर्ण शांतता," ती म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आजकाल असंच करतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

तिने हात वर केला. आठ सेकंद गेले आणि गंगारामने मोठ्ठा हुंदका दिला.

"गंगारामआजोबा, रडू नका ना! रेकॉर्ड होतंय."

"काय करू, बाय? तीस वर्षा एका बोटीवर काढली. मी दोन शब्द बोलतंय."

"बोला, हवं तेवढं बोला, पण नंतर. आधी माझं एक मिनिट होऊ दे."

गंगारामने डोळे पुसले. पोरगी फार खंबीर आहे, असं त्याला वाटलं. मृणालीने हेडफोन लावले आणि पुन्हा हात वर केला. एकोणचाळीस माणसांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले.

त्याच सुमारास भिकाजी आजोबा एसटीतून उतरले. गुळगुळीत दाढी, बारीक कटिंग, हातात सुरमईची पिशवी. अंगणात पाऊल टाकलं आणि ते चपलांचा ढीग बघून जागच्या जागी उभे राहिले. पडवीत खुर्च्या. आत सारी वाडी मान खाली घालून बसलेली. आपल्या घरात कुणीतरी गेलं होतं आणि आपण रत्नागिरीत कटिंग करत बसलो होतो!

पण त्यांनाही रीतभात होती. अशा वेळी विचारायचं नसतं. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, चपला काढल्या, पाऊल न वाजवता आत गेले आणि दाराशी बसलेल्या गंगारामच्या शेजारी मांडी घालून बसले. मान खाली घातली. इंजिनरूमचा माणूस जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

मृणालीची नजर रेकॉर्डरच्या आकड्यांवर खिळली होती. चाळीस. पन्नास. ना कावळा, ना गाडी. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ! ती आनंदाने ओरडणार, एवढ्यात हेडफोनमध्ये कुजबुज ऐकू आली. ही कुजबुज तिच्या ओळखीची होती.

"कोण गेला रे, गंगाराम?"

"आपला भिकाजी," गंगाराम डोळे न उघडता म्हणाला.

"अरेरे," आजोबा म्हणाले. थोडा वेळ गेला. "कुठचा भिकाजी?"

गंगारामने डोळे उघडले.

मग जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. गंगाराम किंचाळत उठला तो चादरीत गुरफटला. दोन म्हाताऱ्या देवाचं नाव घेत स्वयंपाकघरात पळाल्या. यमुनाबाई नऊवारी सावरत आजोबांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावरच कडाडल्या, "काय हो हे भाऊ? जिवंत होतात तर सांगायचा नाय?"

"कुणी विचारला मला?" आजोबा म्हणाले. आता ते नेहमीच्या आवाजात बोलत होते.

सगळा उलगडा व्हायला पाव तास लागला. मग जो तो आजोबांना हात लावून पाहू लागला. गंगारामने तर त्यांना मिठीच मारली आणि मघापासून दाबून ठेवलेलं रडू मोकळं केलं.

"बरा, आता बोल," आजोबा ऐटीत म्हणाले. "दोन शब्द बोलणार होतास ना माझ्याबद्दल? ऐकतंय मी."

गंगारामने नाक पुसलं. "आता नाय. ते राखून ठेवलंय."

तेवढ्यात मृणालीला मोबाईलच्या डब्याची आठवण झाली. फोन चालू केला तर बाबांचे सत्तावीस मिस्ड कॉल. तिने फोन लावला आणि आजोबांच्या हातात दिला.

"सुजय, कुठे हायस रे?" आजोबा गरजले.

पलीकडे बाबा रडतायत की हसतायत ते कुणालाच कळेना. ते महाडपर्यंत आले होते. सगळं ऐकून झाल्यावर रागवायला त्यांच्यात त्राणच उरलं नव्हतं. "येतोच आता," ते एवढंच म्हणाले. "एकदा बघतो आणि मग जातो."

पावणेपाच वाजता मृणाली धापा टाकत सर्वेश सरांच्या टेबलापाशी पोचली. सरांनी फिल्म पाहिली, मग रूम टोन ऐकली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही चार माणसांची खोली नाही," ते म्हणाले. "ही भरलेली खोली आहे. संवादाच्या मधे ही शांतता लावलीस तर ठिगळासारखी वाटेल. चूक आहे हे."

मृणालीच्या डोळ्यांसमोर बी.एड.चा फॉर्म आला. लपवण्यात अर्थ नव्हता. "हो सर. चाळीस माणसं होती."

"चाळीस?" सरांनी वर पाहिलं. "आणि एक मिनिट गप्प?"

तोवर रेकॉर्डिंग पुढे सरकलं होतं. सरांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. ‘कुठचा भिकाजी?’ इथपर्यंत आल्यावर त्यांनी ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ते टेबलावर डोकं ठेवून हसत होते. डोळे पुसत त्यांनी तिला सगळं सांगायला लावलं.

"रूम टोन उद्या नीट करून आण. चार माणसांची," अखेर ते म्हणाले. "आणि सोमवारी पहाटे साडेपाचला गणपतीपुळ्याला हजर राहा."

"साउंडला, सर?"

"साउंडला दुसरं नाव दिलंय. पण किनाऱ्यावर भर गर्दीत शूटिंग आहे. हजारभर माणसं मोबाईल काढून गोळा होणार. त्यांना न दुखावता गप्प ठेवणारं माणूस युनिटला हवं आहे. मला तरी तुझ्याएवढा अनुभव असलेलं दुसरं कुणी माहीत नाही."

मृणाली घरी आली तेव्हा बाबा पोचले होते आणि आजोबांच्या इतके जवळ बसले होते, की आजोबांना ताट पुढे ओढता येत नव्हतं. तिने बातमी सांगितली. बाबांनी मान हलवली. बी.एड.चं नावसुद्धा काढलं नाही.

"पण हजार माणसं गप्प कशी बसवायची?" ती म्हणाली.

आजोबांनी घास खाली ठेवला. "त्यात काय कठीण हाय? मी येतंय तुझ्याबरोबर. नुसता वाळूत आडवा पडायचा ना?"

"नाही!" आई, बाबा आणि मृणाली एकदम ओरडले.

"बरा, बरा," आजोबा म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. त्यांच्या मते ते हे अगदी हळू आवाजात म्हणाले. पण शेजारच्या घरातून यमुनाबाईंचं तिखट उत्तर लगेच आलं, "भाऊ, सोमवारी तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर बसायचा!"