वारंटतात्यांच्या हातातल्या लाल पट्ट्या

गेवराईत भाड्याने घर घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि सत्तरीतले एक गृहस्थ दोन्ही हातांची फुली करून समोर उभे राहिले. खाकी अर्धी चड्डी, पायांत काळे बूट, वर निळा शर्ट. शर्टाच्या डाव्या खिशाला बटण, आणि ते लावलेलं. माझ्याशी एक शब्दही न बोलता त्यांनी स्कूटरला डावीकडून चक्कर मारली. टायर अंगठ्याने दाबले. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून आत गांधीलमाशीने घर केलंय का ते पाहिलं. मग हँडलला बांधलेली लाल कापडी पट्टी सोडून हातात घेतली. ती तिथे कुणी आणि कधी बांधली होती, मला ठाऊक नव्हतं.

"जा," ते म्हणाले आणि अंगठा वर केला. "आल्यावर 'उतरलो' म्हणायचं. न्हाई म्हणलात तर मी हितंच बसून राहीन."

मी अनेक वर्षं दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. आमच्याकडे 'धक्कादायक' हा शब्द वापरायला बंदी होती. तालुक्याचे वार्ताहर प्रत्येक बातमी त्याच शब्दाने सुरू करत आणि मी तो खोडत असे. त्या सकाळी स्कूटर सुरू करताना मनात दुसरा शब्द आला नाही. पुढेही या माणसाच्या बाबतीत तो वारंवार आला, आणि खोडावासा वाटला नाही.

त्यांचं नाव आश्रुबा. हवाई दलातून ते वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. दक्षिणेतल्या एका तळावर जेट विमानं चालवायला शिकवणारी स्क्वाड्रन आहे. तिथे वैमानिक घडतात. आश्रुबांनी जवळजवळ सगळी नोकरी त्या एकाच स्क्वाड्रनमध्ये, विमानांच्या देखभालीत काढली. गावी परतल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली. पाटीवर हुद्दा इतका मोठा निघाला की 'ऑफिसर' शब्दाला जागा उरली नाही. 'आश्रुबा, वॉरंट' एवढंच राहिलं. गल्लीने त्यांना वारंटतात्या केलं.

याची पहिली झळ समोरच्या रावसाहेबाला बसली. रावसाहेबाचा वाळूचा ट्रॅक्टर होता आणि वाळूवरून कोर्टात काहीतरी चालू होतं. तात्या नवे असताना एकदा त्याच्या दारात गेले. पोराने आत ओरडून सांगितलं, "बापू, वारंट आलंय!" रावसाहेब ताटावरून उठला तो मागच्या भिंतीवरून थेट गोठ्यात. दुपारी शेण झटकत परत आला तेव्हा तात्या ट्रॅक्टरखाली झोपून बोल्ट तपासत होते.

"कावून पळाला रे?" तात्यांनी विचारलं.

"तुमी आधी नाव बदला," रावसाहेब म्हणाला.

आता पट्टीविषयी. विमानाला एक बारीक नळी असते. विमान किती वेगात चाललंय, ते तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून कळतं. विमान जमिनीवर उभं असताना त्या नळीत धूळ किंवा माशी जाऊ नये म्हणून तिला कापडी टोपी घालतात, आणि टोपीला लांबून दिसेल अशी लाल पट्टी असते. उडण्याआधी जमिनीवरचा माणूस ती टोपी काढतो, उंच धरून वैमानिकाला दाखवतो आणि विमान परत येईपर्यंत आपल्याजवळ ठेवतो. विमान उतरलं की टोपी पुन्हा नळीवर.

तात्यांनी हीच पद्धत गल्लीला लावली. गल्लीतल्या प्रत्येक वाहनाला त्यांची एक लाल पट्टी होती. वाहन निघालं की पट्टी तात्यांच्या हातात. परत आलं, 'उतरलो' म्हटलं, की पट्टी पुन्हा हँडलला. सुरुवातीला लोकांना ती करणी वाटली. दोघा-तिघांनी लिंबू उतरवून टाकलं. एका नव्या सुनेने पट्टीला रोज हळदकुंकू वाहिलं, आणि तात्यांनी तिला कडक शब्दांत सांगितलं की कुंकवाने नळी तुंबते.

हळूहळू गल्लीने पट्टीचा उपयोग शोधून काढला. रावसाहेबाची बायको सत्यभामा दिवेलागणीला तात्यांच्या ओट्यापाशी येई.

"तात्या, आमच्या ह्यांची पट्टी हाय का?"

"हाय."

"म्हंजी शेतात चाललो म्हणले ते खोटं. शेतात तर पायी जात्यात."

यावर रावसाहेबाने मोटरसायकल सुरू न करता ढकलत न्यायचा प्रयत्न केला. तात्या कोपऱ्यावर अंगठा वर करून उभे होते. एकदा तो संध्याकाळी झुलत आला आणि ओट्याला धरून म्हणाला, "तात्या, उतरलो!"

तात्यांनी वास घेतला. "तू उतरला. तुझी उतरली न्हाई." आणि त्या रात्रीपुरती पट्टी द्यायचं नाकारलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "वर जायला कुणीबी जातंय. खाली कोण आलं ते सांगा." पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगीसुद्धा रोज कचेरीतून घरी पोचली की फोन करून एकच शब्द बोलायची : "उतरले." बायको वारल्यापासून त्यांच्या घरात तेवढाच काय तो आवाज. हातात एकही पट्टी उरली नाही, की तात्या जेवायला उठत. एक जरी उरली तरी ताट झाकून ओट्यावर बसत.

रावसाहेबाचे वडील गेले तेव्हा मात्र गल्ली हादरली. नगरपालिकेची शववाहिका आली. तिरडी आत ठेवली. रडारड चालू होती. आणि तात्यांनी गाडीला डावीकडून चक्कर मारली, टायर दाबले, लाल पट्टी उंच धरून ड्रायव्हरला दाखवली आणि अंगठा वर केला.

"बाप परत येणार हाय का बे?" रावसाहेब ओरडला. वडीलधाऱ्या माणसाला 'बे' म्हणताना त्याला मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"गाडी येईल की," तात्या शांतपणे म्हणाले.

रावसाहेब रागातच गाडीत चढला. पण संध्याकाळी रावसाहेब ओल्या कपड्यांनी चालत आला, घराकडे न वळता ओट्यापाशी थांबला आणि खाली बघत म्हणाला, "उतरलो." तात्यांनी मान हलवली. तेव्हापासून गल्लीत कुणी पट्टी काढून टाकली नाही.

डावा खिसा मात्र कुणाला कळला नाही. त्याचं बटण कायम लागलेलं. सत्यभामेच्या मते त्यात बायकोचा फोटो होता. रावसाहेबाच्या मते नोटा. मी एकदा सरळ विचारलं. तात्या उठले आणि माझ्या स्कूटरचं मागचं चाक बघायला गेले.

या वर्षी स्क्वाड्रनमधून त्यांना फोन आला. जुनी विमानं जाऊन नवी आली होती, आणि स्क्वाड्रनच्या इतिहासाचं दालन उभं राहत होतं. तात्यांकडच्या आठवणी आणि जुन्या वस्तू घ्यायला एक अधिकारी गेवराईला येणार होता. तात्यांनी मला बोलावलं. "तुमचं कामच लिवायचं हाय. मी सांगतो, तुमी लिवा."

मी वही घेऊन बसलो आणि पहिला प्रश्न विचारला : स्क्वाड्रन कोणत्या साली सुरू झाली?

"साल गेलं खड्ड्यात. आधी पंखा होता, मग फुंकणी आली. असं लिवा."

म्हणजे आधी पंख्याची विमानं होती, नंतर जेट आली. पुढचा इतिहासही याच पद्धतीचा होता. शिकाऊ विमानात दोन जागा शेजारी शेजारी असत. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिक्षक, "सत्यनारायणाला जोडी बसती तसं." पहिल्या उड्डाणात पोरं ओकत, आणि ज्याने ओकलं त्यानेच धुवायचं, असा नियम होता. पुढे फार मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या एका अधिकाऱ्याविषयी तात्यांची नोंद एवढीच : "धुवायला आळशी." दुसऱ्याविषयी : "पंखावर जिथं पाय ठिवू नका लिवलंय, तिथंच पाय." कोण किती चांगलं उडवायचं, त्यावर एक शब्द नाही. मी तसं म्हटलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"मला काय ठावं? मी खाली होतो."

"तुम्ही कधी बसलाच नाहीत विमानात?"

"बसलो की. लई वेळा. उभ्या विमानात."

मग त्यांनी एकट्याच्या पहिल्या उड्डाणाचं सांगितलं. शिक्षक त्या दिवशी खाली उतरतो. विद्यार्थी एकटा वर जातो. उजवी सीट रिकामी असते, म्हणून तिचा पट्टा आवळून बांधायचा असतो. नाहीतर तो वर हेलकावतो आणि विमान वळवायच्या दांड्यात अडकतो. पोरगं उतरलं की त्याच्या अंगावर बादलीभर पाणी. "पाणी मी भरून ठिवायचो. आधी."

"सगळे उतरले?" मी विचारलं.

तात्यांनी डाव्या खिशाचं बटण चाचपलं. "तुमची स्कूटर उन्हात हाय," ते म्हणाले. त्या दिवशी पुढे काही लिहून झालं नाही.

ठरल्या दिवशी जीप आली आणि तिच्यातून गणवेशातली एक तरुणी उतरली. पंचविशीची असेल. फ्लाइट लेफ्टनंट. त्याच स्क्वाड्रनमध्ये ती विमान चालवायला शिकली होती आणि आता तिथेच शिकवत होती. सत्यभामेने तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"बाई, तुमी सोता चालविता? जेट?"

"हां जी."

"अन् ह्यांना वाळूचा टॅक्टर नीट चालविता येईना," सत्यभामा रावसाहेबाकडे बघून म्हणाली.

दुसरा धक्का लगेच बसला. तात्यांनी सवयीने जीपला डावीकडून चक्कर सुरू केली, आणि ती पोरगीही सवयीनेच त्यांच्या मागून निघाली. ते वाकले तिथे ती वाकली. त्यांनी हात फिरवला तिथे तिने हात फिरवला. दोघं एकमेकांकडे न बघता एकाच वेळी पुन्हा पुढे येऊन पोचले.

"च्यायला," रावसाहेब पुटपुटला. "म्हंजी हे खरंच असतंय व्हय?"

तात्यांनी वस्तू काढून ठेवल्या. पंखाखाली बसून काढलेला फोटो, चहाचा पत्र्याचा मग, ओकाऱ्या धुवायची बादली. तिने प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी घेतली. जीपला आल्या आल्या बांधलेली पट्टी सोडायला तात्या पुन्हा वाकले तेव्हा डाव्या खिशाचं जुनं बटण तुटून पडलं आणि आतून एक फिकट लाल टोक बाहेर आलं. तिने ते ओळखलं.

"सर, ये तो पिटो कव्हर है."

विमानाच्या नळीची ती टोपी होती. कापड विरलेलं, पट्टी धुऊन धुऊन गुलाबी पडलेली. तिने कडेवर छापलेला विमानाचा क्रमांक वाचला आणि तिचा चेहरा बदलला. तो क्रमांक तिला ठाऊक होता. याच विमानातून पहिल्याच एकट्या उड्डाणात गेलेल्या एका विद्यार्थ्याचा फोटो दालनात लावायचा होता, असं तिने हळू आवाजात सांगितलं. ते विमान तात्यांनीच सोडलं होतं.

"हमारे पास उनका और कुछ नहीं है, सर. सिर्फ फोटो. ये दे दीजिए."

ती जे मागत होती ते रास्त होतं. तात्यांनी टोपी मुठीत धरली.

"ये नहीं दे सकता, साब. जहाज उतरने पे लगानी होती है."

"सर..." ती थांबली. "वो जहाज तो मिल गया था. उसी दिन."

"मिला जी," तात्या म्हणाले. "उतरा नहीं."

रावसाहेबाने तोंड फिरवलं. मी आयुष्यभर मृत्यूच्या बातम्यांना मथळे दिले. 'सापडलं' आणि 'उतरलं' यांच्यामध्ये इतकी जागा असते हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं.

थोड्या वेळाने तात्यांनीच मला खूण केली. "टोपी न्हाई. पण हे लिवून द्या त्यांना." आणि त्यांनी सांगितलं : पोरगं पहिल्या दिवशी ओकलं होतं. बादली न सांगता उचलली. धुताना गात होतं, बेसूर. त्या सकाळी रिकाम्या सीटचा पट्टा तात्या बांधणार होते, तर म्हणालं मीच बांधतो. बांधला, आणि शेजारी कुणी बसलंय असं समजून त्याच्यावर हात फिरवून सुरकुती काढली. मग अंगठा वर केला. "अन् पाणी भरून ठिवलं होतं. हे बी लिवा."

मी लिहिलं. विशेषण एकही घातलं नाही. तिने कागद घडी करून आपल्या डाव्या खिशात ठेवला आणि बटण लावलं.

निघताना रावसाहेबाने जीपच्या खिडकीशी जाऊन तिला शिकवलं, "मॅडम, पोचल्यावर फोन करा अन् 'उतरलो' म्हणा. 'उतरलो'. न्हाईतर हे जेवत न्हाईत." तात्यांनी जीपची पट्टी उंच धरून दाखवली. तिने आतून अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ती पट्टी तात्यांच्या हातात होती. आदल्या रात्रीचं ताट झाकलेलंच होतं. रावसाहेब, सत्यभामा आणि मी काही ना काही निमित्त काढून ओट्यावर बसून होतो. फोन वाजला. तात्यांनी तो कानाला लावला आणि पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"उतरलो, सर."

"बाईमाणूस 'उतरले' म्हणती की," सत्यभामा कुजबुजली. "ह्यांनी चुकीचं शिकिवलं."

कुंकवाने नळी तुंबते म्हणून गल्लीतल्या नव्या सुनेला झापणाऱ्या तात्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही. "बरं झालं, पोरी," एवढंच मराठीत म्हणाले. जीपची पट्टी ओट्याच्या खिळ्याला अडकवली. मग सत्यभामेकडे सुईदोरा मागितला आणि डाव्या खिशाचं बटण शिवायला बसले.