चिंतामणी सरांची युद्धनौका

"यंदा आरास स्पर्धेतला पहिला नंबर आमच्या घरात येणार. लिहून ठेवा!"

महाडच्या हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या चिंतामणी सरांनी असं भर आळीत जाहीर करून टाकलं. त्याला कारण होतं. समोरचे भांडीवाले रावजी दरवर्षी कापसाचा हिमालय करून ढाल पळवत आणि वर ती येता-जाता सरांना दिसेल अशी दुकानात टांगत. सरांना ते इतकं लागलं होतं, की घरात नवी कढई हवी झाली तरी ते पोलादपूरहून आणत!

बेतही तसाच जंगी होता. पुठ्ठ्याची आणि घोटीव कागदाची युद्धनौका, आणि तिच्या मधोमध कप्तान म्हणून साक्षात गणपती! मदतीला मेहुणे दत्ताराम कापडे गावाहून आले होते.

"भावजी, बोट झ्याक होनार!"

"बोट म्हणू नका हो दत्ताराम! बोटीतून माणसं पलीकडे जातात. ही युद्धनौका! आणि सगळं कसं प्रमाणात आहे बघा. तोफा, डोलकाठी, धुराडं, एकेक मोजून!"

खरंच सरांनी सगळं मोजलं होतं. खोली तेवढी मोजायची राहिली होती.

चतुर्थीच्या सकाळी माजघरात जोडलेल्या टेबलांवर नौका उभी राहिली, तेव्हा तिचं पुढचं टोक स्वयंपाकघराच्या दारात आडवं आलेलं होतं.

"अहो, मी आत-बाहेर कशी करू?" अनुपमावहिनींनी विचारलं.

"थोडा वेळ वाकून जा. खळ अजून ओली आहे, आत्ता हलवली तर कंबरेत मोडेल. गुरुजी दुपारी यायचेत, तोवर वाळेल. मग मागे सरकवू."

भाद्रपदातली महाडची हवा! जिथं दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथं पिठाची खळ कसली वाळतेय? त्यात गुरुजी सकाळीच उगवले. त्यांना अर्धी आळी उरकायची होती. "चला, बसा लवकर!" म्हणाले, आणि सर बसले. हात अक्षता वाहत होते, डोळे मात्र तोफांवरून फिरत होते. त्या कौतुकात प्राणप्रतिष्ठा कधी झाली, ते सरांना कळलंच नाही.

"नैवेद्य आणा," गुरुजी म्हणाले.

वहिनी एकवीस मोदकांचं ताट घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. रिकाम्या हाती वाकता येतं, पण मोदकांचं भरलं ताट घेऊन कोण वाकणार?

सर खडबडून उठले. "दत्ताराम, धरा तिकडून! मागे घेऊ."

"हां, हां! हात लावू नका!" गुरुजी कडाडले. "प्राणप्रतिष्ठा झालेली आहे. उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलता कामा नये!"

"अहो, पण आमचा पाच दिवसांचा गणपती!"

"मग पाच दिवस!" आणि गुरुजी पुढच्या घरी निघूनही गेले.

वहिनी एरवी महाडकरणीसारखं नीटस बोलत, पण राग आला की माहेर जिभेवर यायचं. "पाच दिस मी काय हितंच ऱ्हाऊ? जमायचं नाय! ते टोक कापा आधी!"

"टोक? अगं, तोच तर तिचा रुबाब!"

"मग बाप्पाला नैवेद्य पुठ्ठ्याचा दाखवा!"

दत्तारामनी कोयता घेतला आणि ऊस तोडावा तसं टोक उडवलं. सरांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी आरतीला आळी लोटली. उकाडा मी म्हणत होता. कुणीतरी पंखा लावला, आणि खट्! डोलकाठी तुटून थेट शेजारच्या तुळजाबाईंच्या पदरात!

म्हातारीनं ती बाजूला ठेवली, चष्मा सावरून नौका न्याहाळली आणि किंचाळली, "चिंतामणी! देवावर तोफ रोखतात का रे मेल्या?"

"काकू, ती मागची तोफ आहे. शत्रू समोरून आला तर..."

"आधी काढ ती! तोवर मी प्रसादाला शिवायची नाय!"

मागची तोफ गेली. मग प्रमाण बिघडलं म्हणून सरांनी जड हातानं पुढचीही काढली.

तिसऱ्या दिवशी परीक्षक यायचे होते. सरांना सकाळपासून घास गेला नाही. नौकेचं उरलं काय होतं? खालून लाल, वरून राखाडी असा एक लांबलचक खोका, खिडक्यांची रांग आणि धुराडं. टेबलांच्या पायांशी समुद्र म्हणून अंथरलेला निळा कागद.

प्रमुख परीक्षक उंबऱ्यातच थांबले. सरांनी घसा साफ केला, "ही..."

"काही सांगू नका सर! वा! कोकण रेल्वे!"

रेल्वे तेव्हा नुकतीच धावू लागली होती. माणसं वीर स्टेशनावर नुसती गाडी बघायला जात.

"खाली सावित्री नदी, वर पूल, पुलावर गाडी आणि गाडीत बाप्पा गावाला निघालेत! काय डोकं आहे!"

आणि नेमकी तेव्हाच आत कुकरनं शिट्टी दिली.

"शिट्टीसुद्धा!" दुसरे परीक्षक आनंदानं उडालेच.

दत्तारामना राहवेना. ते ताठ उभे राहिले. "रेल्वे नाय ओ सायेब. बोट पन नाय. युद्धनौका हाय ती, युद्धनौका!"

परीक्षकांचं पेन थांबलं. "युद्धनौका? मग तोफा कुठायत?"

सगळे सरांकडे बघू लागले. उघड्या दारातून समोर रावजींची ओसरी दिसत होती, आणि ओसरीवर तो मेला हिमालय! सरांनी एकदा आपल्या नौकेकडे पाहिलं.

"मेहुणे थट्टेखोर आहेत आमचे," सर म्हणाले. "रेल्वेच आहे ती!"

पहिला नंबर आला. 'उत्कृष्ट देखावा : कोकण रेल्वे' असं कोरलेली ढाल सरांनी रावजींना नीट दिसेल, पण अक्षरं वाचता येणार नाहीत, अशा बेतानं टांगली.

विसर्जन आटोपून दत्ताराम गावी निघाले. परीक्षक येऊन गेल्यापासून ते सरांशी कामापुरतंच बोलत होते. पायरीवर पिशवी घेऊन जरा घुटमळले.

"भावजी, पुढल्या साली तुमी रेल्वेच करा."

"का हो?"

"म्हंजे युद्धनौकेचा पयला नंबर येईल!"